बाबूचं पोट : हर्शस्प्रंग, बांबोळी आणि घरची शुश्रूषा

आमच्या मुलाला जन्मतःच मोठ्या आतड्याचा आजार होता. नाव हर्शस्प्रंग डिसीज. दोन ऑपरेशनं झाली, मधले काही महिने पोटावर आतड्याचं तोंड घेऊन तो घरी वाढला, आणि आता तीन वर्षं पूर्ण करून बालवाडीत जातो. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा दाखवलं तरी चालेल. घरी आल्यावर ठरवलं, लिहून टाकायचं. त्या दिवसांत रात्री मोबाइलवर शोधाशोध करायची तेव्हा मराठीत जे हाती लागायचं ते एक तर ‘ताबडतोब डॉक्टरांना भेटा’ इथं संपायचं, नाहीतर ओवा-हिंगावर.

ऑपरेशन सर्जन करतात, ते चार-पाच तासांत होतं. पोट बघणं, शी बघणं, कातडी राखणं, मोजणं, लिहून ठेवणं हे सगळं मात्र आईबापांच्या वाट्याला येतं, आणि ते शिकवतात वॉर्डातल्या सिस्टर. मी नर्स नाही, बालवाडीची शिक्षिका आहे. खाली जे आकडे येतील ते आमच्या मुलाचे. तुमच्या मुलाचे तुमच्या वॉर्डातूनच घ्या.

बाबूचा जन्म १६ ऑगस्ट २०२२ चा. सासर गोव्यात वाळपईकडे, माहेर अस्नोड्याला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून म्हापशातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं. वजन तीन किलोला जरासं कमी, जन्मल्याबरोबर रडला, दूध ओढायला लागला. काळी शी तेवढी होईना. वेळेवर जन्मलेली बहुतेक बाळं २४ तासांत ती पहिली चिकट काळी शी करतात आणि ४८ तासांपुढे फार थोडी जातात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या आयाने विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला. थोडी शी आली, सगळ्यांना हायसं वाटलं, फायलीत ‘शी झाली’ अशी नोंद पडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला घरी सोडलं.

आता कळतं की देठाने आलेली शी ही आपणहून झालेली शी नव्हे. देठाने गुदद्वार जरा सैल होतं, वर तुंबलेलं थोडं बाहेर पडतं आणि अडथळा होता तिथेच राहतो. वर आणखी एक दिवस फुकट जातो. घरात बाळंतीण असेल तर एवढं करा: पहिली शी जन्मानंतर किती तासांनी झाली आणि ती आपणहून झाली का, हे कागदावर लिहून ठेवा. पुढे आम्हाला प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला.

त्याच संध्याकाळी बाबूने हिरवी उलटी केली. पिवळट नव्हे, शेवाळी हिरवी. पोट टम्म फुगलेलं, त्यावर शिरा दिसत होत्या. आई म्हणाली, पित्त असेल, गुटी उगाळते. शेजारी एक निवृत्त सिस्टर राहतात. त्या बघायला आल्या, दुपट्यावरचा डाग उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, “गुटी नाका गो. १०८ क फोन कर.” नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडं कुठेतरी अडलंय असंच धरून चालायचं असतं, तपासून तसं नाही म्हणून सिद्ध होईपर्यंत. हे वाक्य पुढे मी इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पाठच झालं. आणि हो, तो डाग पडलेला कपडा धुवू नका, बरोबर न्या.

१०८ ने म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात नेलं. तिथे नाकातून पोटात नळी घातली, सलाईन लावलं आणि त्याच रात्री बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवलं. पाऊस कोसळत होता. मी तीन दिवसांची बाळंतीण, टाके ओले, आणि अँब्युलन्समध्ये सिस्टर दर थोड्या वेळाने सिरिंजने नळीतून हिरवं पाणी ओढून काढत होती. मला ते बघवेना. ती म्हणाली, “हे बाहेर येतंय ते बरं आहे. पोटात राहिलं तर तो ते छातीत ओढेल.” त्यानंतर मी बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी एका निवासी डॉक्टरने मऊ रबरी नळी खालून आत सरकवली आणि कोमट सलाईन थोडं थोडं सोडलं. आधी वारा सुटला, मग शीचा असा लोंढा आला की त्यांचा अॅप्रन भरला. ते हसले. “आईला बोलवा, बघू दे,” म्हणाले. अर्ध्या तासात बाबूचं पोट मऊ पडलं. याला वॉशआउट म्हणतात. पुढचे दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा ते चालू होतं, आणि त्यामुळेच मधल्या काळात तो माझं दूध पिऊ शकला.

आजार काय ते मला कागदावर चित्र काढून समजावलं गेलं. आतडं आपोआप पुढे ढकलतं ते त्याच्या भिंतीत असलेल्या चेतापेशींमुळे. गर्भात या पेशी वरून खाली, तोंडाकडून गुदद्वाराकडे सरकत येतात, साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात. कधी कधी त्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत. जिथे त्या नसतात तो भाग आवळलेला राहतो, ढिला पडतच नाही. साधारण पाच हजार जन्मांत एक, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त. मी गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा काही संबंध नाही. हे मी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा मुद्दाम सासूबाई समोर असताना.

हॅराल्ड हर्शस्प्रंग हे डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १८८६ मध्ये अशा दोन मुलांची हकिगत मांडली, दोघंही दगावलेली. त्यापुढे साठेक वर्षं यावर धड इलाज नव्हता, कारण सगळ्यांना वाटायचं की फुगलेलं, मोठं झालेलं आतडं रोगट आहे. खरं तर ते बिचारं निरोगी असतं, पुढच्या बंद दाराशी जोर करून करून फुगलेलं. रोगट असतो तो खालचा, दिसायला नीटनेटका भाग. १९४८ मध्ये स्वेन्सन आणि बिल या सर्जननी तो खालचा भाग काढून वरचं चांगलं आतडं गुदद्वारापर्यंत ओढून जोडलं. आजही तत्त्व तेच आहे, पद्धती सुधारल्या. हे वाचल्यावर मला का कोण जाणे, धीर आला.

बेरियम एनिमा २० तारखेला झाला. पांढरं औषध खालून सोडून एक्स-रे काढतात. अरुंद भाग कुठे संपतो आणि रुंद कुठे सुरू होतो ते त्यात दिसतं. पण त्यावर शिक्का मारत नाहीत. त्यासाठी बायोप्सी लागते, गुदाशयाचा एवढासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आहेत का ते बघतात. ती २२ ला झाली. रिपोर्टला आठवडा लागला, आणि तो आठवडा सगळ्यात वाईट. ३१ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. वॉर्डात आम्ही दोघी-तिघीच आया उरलो होतो, बाकी ज्यांना शक्य होतं ते घरी गेलेले. नवरा गावी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला जाऊन संध्याकाळपर्यंत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन परत आला. त्या आम्ही ड्युटीवरच्या सिस्टरांबरोबर खाल्ल्या. त्याच्याकडे फाइल होती. रिपोर्ट आला होता, पेशी नव्हत्या.

काही बाळांत एकाच ऑपरेशनमध्ये सगळं उरकतात. बाबूचं आतडं फार फुगलं होतं, आणि वॉशआउट चालू असूनही मधे एकदा ताप आला, शी पाण्यासारखी आणि भयंकर वासाची झाली. आतड्याला सूज, एंटेरोकोलायटिस. म्हणून दोन टप्पे ठरले: आधी निरोगी आतड्याचं तोंड पोटावर काढायचं, म्हणजे कोलोस्टोमी, आणि वजन वाढलं की मोठं ऑपरेशन. पहिलं २ सप्टेंबरला झालं.

कागदपत्रांबद्दल आत्ताच सांगते, कारण ते याच सुमारास सुरू होतात आणि नंतर डोकं धरायला लावतात. गोमेकॉत वॉर्डाचे, ऑपरेशनचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत. काउंटरवर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड मागतात. ही गोवा सरकारची योजना २०१६ पासून आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जण असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण. आमचं कार्ड सासऱ्यांच्या कुटुंबाचं, त्यात माझं नाव होतं, बाबूचं अर्थातच नव्हतं. नाव घालायला जन्मदाखला हवा. जन्मनोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, म्हणजे आमची म्हापसा नगरपालिकेत, वाळपईला नव्हे. नवरा आधी वाळपईला जाऊन आला. बारसं झालेलं नव्हतं, नाव ठरलं नव्हतं, तरी काही अडत नाही. नोंद २१ दिवसांत करायची आणि नावाशिवायही होते. नाव पुढे १२ महिन्यांच्या आत काही शुल्क न भरता घालता येतं.

आणखी एक भानगड: सुरुवातीचे सगळे रिपोर्ट माझ्या नावाने, ‘बेबी ऑफ’ अमुक असे असतात आणि नंतरचे मुलाच्या नावाने. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी बायोप्सीचा जुना रिपोर्ट आमच्याच मुलाचा आहे हे पटवण्यात एक अख्खी सकाळ गेली. डिस्चार्जच्या वेळीच दोन्ही नावं आणि केस नंबर एका कागदावर लिहून घ्या. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नवऱ्याच्याही.

आता कोलोस्टोमी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मान फिरवली. पोटाच्या डाव्या बाजूला लालभडक, ओलं काहीतरी बाहेर आलेलं. मोठ्या सिस्टरनी माझी हनुवटी धरून मान परत वळवली. “बाय, भिवूं नाका. ओठ उलटा करून आरशात बघ. आतून कसा लाल नि ओला असतो? हे पण तसंच असायला पाहिजे.” त्यांनी मला त्या एका गोष्टीवरून सगळं शिकवलं. असा लाल आणि ओला असेल तर स्टोमा, म्हणजे ते पोटावरचं तोंड, बरा आहे. फिकट पडला तर सांगायचं. जांभळा, काळसर झाला तर वाट न बघता यायचं. पुसताना एखादा रक्ताचा ठिपका आला तर घाबरायचं नाही, तिथली त्वचा नाजूक असते. रक्त थांबलंच नाही तर यायचं. आतडं अचानक लांब बाहेर आलं तर ओल्या स्वच्छ कपड्याने झाकून यायचं, आपण आत ढकलत बसायचं नाही. आणि हात लावला तर त्याला दुखत नाही, स्टोम्याला ती जाणीवच नसते. हे कळल्यावर माझे हात थरथरायचे थांबले. बाळ रडतं ते थंड हातांनी किंवा भुकेने. हात आधी चोळून गरम करायचे.

स्टोम्यावर शी गोळा करणारी पिशवी लावायची पद्धत अशी. कापूस आणि कोमट पाण्याने भोवतालची कातडी पुसायची, टिपून कोरडी करायची, घासायची नाही. बेबी वाइप्स, तेलकट साबण नकोत. मापाच्या कार्डाने स्टोम्याचं माप घ्यायचं आणि पिशवीचं भोक त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीवर शी बसून ती सोलते, लहान झालं तर स्टोम्याला काचतं. पहिले काही आठवडे स्टोमा आक्रसत जातो, त्यामुळे सगळ्या पिशव्यांना एकदम भोकं कापून ठेवू नका. पिशवी तळहातात गरम करून मग चिकटवायची आणि मिनिटभर हात दाबून धरायचा. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानेच सुटते. बदलायची ती दूध पाजण्याआधी; पाजल्यावर लगेच आतडं कामाला लागतं आणि तुमच्या हातावर येतं.

हे झालं पुस्तकातलं. लहान बाळाची पिशवी आम्हाला एकेक अडीचशेच्या आसपास पडायची आणि ती मिळायची पणजीत, तीही सांगून ठेवली तर. सांगतात तीन दिवस टिकेल. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर टिकली तरी नशीब. म्हणून सिस्टरनी दुसरी पद्धतही शिकवली होती, आणि आमचे बरेचसे महिने त्यावरच निघाले. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे चौकोन उकळून, उन्हात वाळवून ठेवायचे. भोवतीच्या कातडीवर झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापायचं, स्टोम्यावर व्हॅसलिन लावलेला गॉझचा तुकडा, त्यावर चौकोनाची घडी आणि वरून लंगोट बांधतात तसा रुंद पट्टा, सैलसर. ओलं झालं की बदल. दिवसाला ढीगभर कपडे निघतात, पण खर्च जवळजवळ शून्य आणि कातडी छान राहते. पिशव्या आम्ही प्रवासाला, लग्नाला आणि ओपीडीच्या दिवसासाठी राखून ठेवल्या. पावसात कपडे वाळवायचा प्रश्न येतो. आमच्याकडे चुलीवरच्या दोरीने तो सोडवला.

तेल लावण्यावरून घरात थोडं महाभारत झालं. न्हाऊ घालणारी बाई रोज खोबरेल तेलाने चोळायची. पोटाला तेल लागलं की पिशवी चिकटत नाही. शेवटी तह झाला: हात, पाय, पाठ, डोकं तिचं, पोट माझं. आंघोळ मात्र बिनधास्त घालायची, स्टोम्यातून पाणी आत जात नाही. बाळगुटी आणि मध यांना डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला देत नाहीत. दीश्ट काढायला कोणाची हरकत नव्हती, ती सासूबाई दर अवसेला काढत होत्या.

घरी एक दोनशे पानी वही केली. तारीख, किती वेळा शी, रंग, पातळ की घट्ट, उलटी, ताप, पोटाचा घेर, आठवड्याचं वजन. घेर मोजायची युक्ती वॉर्डातली आहे: बेंबीच्या रेषेत दोन्ही कुशींवर पेनाने टिंब करायचं, टेप दर वेळी त्या टिंबांवरूनच. नाहीतर सकाळी मी एका जागी मोजणार आणि रात्री नवरा दुसऱ्या जागी, आणि दोन सेंटिमीटरच्या फरकाने दोघांची झोप उडणार. वजन अंगणवाडीच्या एकाच काट्यावर. स्टोमा असलेल्या बाळांच्या शरीरातलं मीठ शीवाटे जास्त जातं आणि दूध नीट पिऊनही वजन अडतं, म्हणून डॉक्टर वहीतलं वजनाचं पान आधी उघडायचे. एका ओपीडीत मी तोंडाने सांगायला लागले तर ते म्हणाले, “वही द्या.”

फेब्रुवारीत सहा महिने झाले आणि वरचं खाणं सुरू केलं. तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ मुगाची खिचडी, केळं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तीन दिवस तोच. बीट दिलं त्या दिवशी कपड्यावर लाल बघून माझ्या जावेने किंचाळी फोडली. ते बीटच होतं.

मोठं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. आदल्या दिवशी दाखल झालो, भुलीच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, नाक वाहतंय म्हणाले आणि तारीख पुढे गेली. सर्दीत भूल देणं छातीला धोक्याचं असतं. बरोबरच होतं, पण नवऱ्याने कुंडईच्या कारखान्यातून काढलेली रजा वाया गेली, रक्तदात्यांना परत विचारावं लागलं. नवी तारीख १८ एप्रिल मिळाली. मधल्या काळात आम्ही त्याला कुठे गर्दीत नेलं नाही. लसींचं वेळापत्रक आणि भुलीची तारीख यांत किती अंतर ठेवायचं ते मात्र आधी विचारून घ्या.

आठ महिन्यांच्या बाळाला उपाशी ठेवणं हा वेगळाच छळ. आईचं दूध भुलीआधी चार तास बंद, घट्ट काही असेल तर सहा तास. माझ्या अंगाला दुधाचा वास, म्हणून त्याला मी घेतलं की तो जास्तच रडायचा. त्याला सासऱ्यांकडे दिलं. ते त्याला खांद्यावर टाकून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अभंग म्हणत फिरत राहिले. आत न्यायला आले तेव्हा तो झोपला होता. मी खाली उतरून हमरस्त्याकडच्या ‘फुलांचा खुरीस’ या क्रुसाशी जाऊन मेणबत्ती लावली. बांबोळीला आलेलं कुठल्याही धर्माचं माणूस तिथे एकदा जातंच.

पोटावरचं तेच तोंड सोडवून, रोगट भाग काढून, चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. याला पुलथ्रू म्हणतात. पाच तास लागले. पाचव्या दिवशी शी खालून झाली आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग खरी गोष्ट सुरू झाली. शी दिवसात दहा-पंधरा वेळा, पातळ, आणि त्या कातडीला त्याआधीचे सात महिने शी लागलेलीच नव्हती. दोन दिवसांत ढुंगण सोलून लाल मांस दिसायला लागलं. हे बहुतेक मुलांना होतं असं सगळे सांगतात, पण प्रत्यक्ष बघणं निराळं. उपाय वॉर्डातलाच: शी झाली रे झाली की कोमट पाण्याने धुवायचं, टिपायचं, थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि मग झिंकचं मलम बोटभर जाडीने थापायचं. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही. वरचा घाण झालेला थर तेवढा काढून वर नवा थर द्यायचा. मलमाच्या डब्या किती संपल्या विचारू नका. हळूहळू शी घट्ट होत गेली, पावसाळा संपेपर्यंत चार-पाचवर आली. या काळात खालून थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा काहीही घालायचं नाही, टाके ताजे असतात. गावच्या दवाखान्यात ताप बघताना हे आपण आधीच सांगायचं.

दोन आठवड्यांनी डायलेटर. जोडलेली जागा आवळू नये म्हणून स्टीलच्या गुळगुळीत कांड्या रोज आत घालून ती रुंद ठेवतात. हेगारचे डायलेटर म्हणतात, नंबर म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. पहिल्यांदा सर्जननी ओपीडीत केलं, मग माझ्याकडून करवून घेतलं. आम्ही १० नंबरने सुरुवात केली आणि डॉक्टर सांगतील तसे वर गेलो. घरी रोज संध्याकाळी, खाण्याआधी. कांडी कोमट पाण्यात ठेवून गार लागणार नाही अशी करायची, भरपूर जेली, गुडघे पोटाशी दुमडून धरायचे, रडताना जोर लावतो तेव्हा थांबायचं, श्वास घेताना सैल पडतं तेव्हा सरकवायचं. नवरा पाय धरायचा आणि मोबाइलवर गाणी लावायचा. मुलाला मी रोज दुखवतेय ही भावना जात नाही. ओपीडीत आलेल्या एका आईने सांगितलं ते मला उपयोगी पडलं: जिथे झोपवतो, खेळवतो त्या गादीवर हे करू नका, वेगळी चटई ठेवा. आम्ही तसं केलं. चटईबाहेर तो माझ्याकडे नेहमीसारखाच झेपावायचा. रोजचं हळूहळू दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा करत पुढच्या वर्षी ते बंद झालं.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगायला हवा. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, नोव्हेंबर २०२३ मध्ये, बाबू दुपारी नुसता पडून राहिला. खेळणं नाही, खाणं नाही. पोट ताणलेलं. संध्याकाळी ताप आणि एकदम फवारा मारल्यासारखी, सडक्या वासाची शी. जवळच्या एका डॉक्टरांनी जुलाब समजून शी बंद करायचं औषध लिहून दिलं. मी ते घेतलं नाही. अशा मुलांत ऑपरेशन नीट झाल्यावरही एंटेरोकोलायटिस होऊ शकतो, आणि जुलाब बंद करणारं औषध दिलं तर घाण आतच कोंडते. फुगलेलं पोट, सुस्ती, ताप, फवाऱ्यासारखी दुर्गंधी शी यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर मी कोणाला न विचारता बांबोळीचा रस्ता धरायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर सिस्टरनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. रात्रीची टॅक्सी अठराशे रुपये. कॅज्युअल्टीत मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं आणि एवढंच म्हटलं, “पुलथ्रू झालेला मुलगा आहे, एंटेरोकोलायटिस आहे का बघा.” नेमके शब्द माहीत असले की रांगेत वेळ जात नाही. सलाईन, अँटिबायोटिक आणि वॉशआउट, आठवड्याभरात घरी.

त्यानंतर काही महिने लागेल तेव्हा घरी वॉशआउट करायचं होतं. ते मी वॉर्डात सिस्टरसमोर दोन दिवस करून दाखवलं, मगच परवानगी मिळाली. नॉर्मल सलाईनच वापरायचं, कोमट करून. साधं पाणी चुकूनही नाही. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, रक्तातलं मीठ खाली जातं आणि बाळाला झटके येऊ शकतात. एकूण किती घालायचं ते वजनावर ठरतं. आम्हाला किलोमागे १० ते २० मिलिलिटर सांगितलं होतं, तेही वीस-वीस मिलिलिटरने घालून परत येऊ द्यायचं. घातलेलं आणि आलेलं दोन्ही मोजायचं. आत गेलं आणि परत आलं नाही तर पुढचं घालायचं नाही, फोन करायचा. नळी अडली तर ढकलायची नाही.

खर्चाचा ढोबळ हिशेब: पिशव्या, झिंक, सलाईनच्या बाटल्या, नळ्या, डायलेटर, टॅक्सी आणि बाहेरचं जेवण धरून तीन वर्षांत साठ-सत्तर हजारांच्या घरात गेले. माझी बिनपगारी रजा त्यात धरलेली नाही. कांड्या नव्या घेताना दुकानदार पूर्ण संच गळ्यात मारतो. डॉक्टर सांगतील ते तीन-चार नंबर सुटे घ्या.

आता तीन वर्षांचा बाबू जेवण झालं की दहा मिनिटं पॉटवर बसतो, पायाखाली पाट असतो म्हणजे जोर लावता येतो. कधी कधी चड्डीला लागतं. यावर रागवायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलंय, कारण त्याला ते वेळेवर कळतंच असं नाही. त्याला मुद्दाम माझ्या नव्हे तर दुसऱ्या बालवाडीत घातलाय. दप्तरात दोन चड्ड्या, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स असते. बाईंना सांगितलंय की त्याने बोट वर केलं तर विचारत बसू नका, सोडा. उरलेल्या न उघडलेल्या पिशव्या, मुदत बघून, मी वॉर्डात दिल्या. गेल्या महिन्यात साखळीहून एका बाळाच्या वडिलांचा फोन आला होता, पिशवी टिकत नाही म्हणून. त्यांना लुगड्याचे चौकोन कसे बांधायचे त्याचा व्हिडिओ करून पाठवलाय, बाहुलीवर.